कायदा एकासाठी, कामाला दुसऱ्याच्या

२७ ऑक्टोबर २०१८ च्या शनिवारी सकाळी पिट्सबर्गच्या स्क्विरल हिल भागातल्या ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक पवित्र दिवसाची, प्रार्थना सुरू होती. एकाच इमारतीत तीन वेगवेगळ्या ज्यू मंडळ्या आपापल्या दालनात जमल्या होत्या. बंदूक घेऊन आत शिरलेल्या एका माणसाने त्यांतल्या ११ जणांना ठार मारले. अमेरिकेच्या इतिहासात ज्यूंवर झालेला हा सर्वात प्राणघातक हल्ला. खटला उभा राहायला साडेचार वर्षे लागली. जून २०२३ मध्ये ज्युरीने आरोपीला सर्वच्या सर्व ६३ आरोपांत दोषी ठरवले आणि ऑगस्टमध्ये मृत्युदंडाचा कौल दिला. त्या ६३ पैकी ११ आरोप एका विशिष्ट केंद्रीय कलमाखालचे होते: धर्माचरणात बळाने अडथळा आणून मृत्यू घडवणे. हे कलम आज ज्या रूपात वापरले जाते ते रूप त्याला मुख्यतः १९९६ मध्ये मिळाले, आणि ते देताना अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांच्या डोळ्यांसमोर सिनेगॉग नव्हते. त्यांच्यासमोर होती दक्षिणेकडच्या राज्यांत रात्री-बेरात्री पेटवून दिली जाणारी कृष्णवर्णीयांची चर्च.

प्रार्थनास्थळावर हल्ला झाला की लोकप्रतिनिधी काय करतात, हे आता कोणत्याही देशात साधारण आधीच सांगता येते. निषेधाचा ठराव येतो, शिक्षा वाढवणारे विधेयक येते, सुरक्षेसाठी पैसे जाहीर होतात, आणि द्वेषाचा प्रचार किंवा हत्यारे यांना आवर घालण्याची भाषा होते. यांतले किती खरे आणि किती दिखाऊ, याचा वाद प्रत्येक वेळी होतो. त्या वादात एक गोष्ट सहसा निसटते. ज्या हल्ल्यानंतर कायदा होतो त्या हल्ल्यातल्या बळींना त्याचा काहीच उपयोग नसतो. गुन्हा घडून गेलेला असतो आणि नवी शिक्षा मागच्या गुन्ह्याला लावता येत नाही. उपयोग झालाच तर तो पुढच्या कोणाला तरी, आणि तो पुढचा पुष्कळदा वेगळ्या धर्माचा, वेगळ्या वंशाचा, कधी वेगळ्या देशातलाही असतो. म्हणून लोकप्रतिनिधींच्या प्रतिसादाचे मोल हल्ल्यानंतरच्या आठवड्यात ठरत नाही, असे माझे म्हणणे आहे. ते दहा-वीस वर्षांनी ठरते, आणि तोपर्यंत ठराव मांडणारे सहसा निवृत्त झालेले असतात.

याचे जुने उदाहरण अटलांटातले आहे. १२ ऑक्टोबर १९५८ च्या पहाटे तिथल्या ‘द टेंपल’ या सिनेगॉगमध्ये डायनामाइटच्या सुमारे ५० कांड्यांचा स्फोट झाला. इमारतीचा एक भाग उडाला; वेळ पहाटेची असल्यामुळे माणूस कोणी दगावले नाही. तिथले रब्बी जेकब रॉथशील्ड वंशभेदाविरुद्ध उघडपणे बोलत असत. कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घेण्यावरून दक्षिणेत जो वणवा पेटला होता, त्याचीच धग ज्यूंनाही लागत होती. त्या वर्षभरात दक्षिणेतल्या अनेक शहरांत सिनेगॉग आणि ज्यू केंद्रांजवळ स्फोटके ठेवली गेली. काही उडाली, काही फुसकी निघाली. अटलांटाच्या प्रकरणात पाच जणांवर आरोप ठेवले गेले, त्यांतल्या एकावरच खटला चालला, पहिल्यांदा ज्युरीचे एकमत झाले नाही आणि दुसऱ्यांदा तो निर्दोष सुटला. शिक्षा कोणालाच झाली नाही. मात्र मे १९६० मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या नागरी हक्क कायद्यात बॉम्बस्फोटांविषयी एक प्रकरण आले. स्फोट घडवून राज्याची हद्द ओलांडून पळणे आणि अशा कामासाठी स्फोटके एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हे केंद्रीय गुन्हे ठरले. तोवर एफबीआयला अशा तपासात हात घालायचा तर अधिकाराचा प्रश्न उभा राहत असे. दक्षिणेतल्या स्थानिक पोलिसांवर हे गुन्हे सोडून देणे म्हणजे काय, हे त्या काळी सगळ्यांनाच ठाऊक होते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खरा आहे. कायदा झाल्यानंतर तीनच वर्षांनी, सप्टेंबर १९६३ मध्ये, बर्मिंगहॅमच्या सोळाव्या रस्त्यावरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये स्फोट होऊन चार मुली मेल्या. या प्रकरणातली पहिली शिक्षा १९७७ मध्ये झाली, तीही अलाबामाच्या एका राज्य महाधिवक्त्याने जुने प्रकरण हट्टाने उकरून काढले म्हणून. मग १९६० च्या कायद्याने काय साधले? कागदावरचे अधिकार वापरायची इच्छा नसेल तर ते कागदावरच राहतात, हे बर्मिंगहॅमने दाखवून दिले. पण इच्छा येते तेव्हा हाताशी काय आहे, हाही प्रश्न असतोच. केंद्राला अशा गुन्ह्यात लक्ष घालायचा हक्क आहे ही गोष्ट एकदा मान्य झाली की पुढच्या पिढीला तो वाद नव्याने घालावा लागत नाही. १९८८ मध्ये प्रार्थनास्थळांच्या नासधुशीविरुद्ध वेगळे कलम झाले; पिट्सबर्गच्या खटल्यात वापरले गेले ते हेच. त्यात मेख अशी होती की नुकसान १०,००० डॉलरच्या वर असले पाहिजे. खेड्यातल्या लाकडी चर्चची किंमत ती काय! सिनेगॉगच्या भिंतीवर कोणी स्वस्तिक रंगवले तर पैशांत मोजायचे नुकसान रंगाच्या डब्याएवढेच. नव्वदच्या दशकात चर्च जळू लागली तेव्हा या अटीतला फोलपणा उघड झाला आणि १९९६ मध्ये दोन्ही सभागृहांनी एकमताने ती काढून टाकली. हेन्री हाइड यांच्यासारखा कडवा रिपब्लिकन आणि जॉन कॉनियर्स यांच्यासारखा नागरी हक्क चळवळीतला डेमोक्रॅट एकाच विधेयकाचे जनक होते. आज हे वाचताना परीकथा वाटते.

या कलमाचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या ९ कृष्णवर्णीयांना मारणाऱ्याला त्याखाली शिक्षा झाली. मग पिट्सबर्ग. त्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी, २७ एप्रिल २०१९ रोजी, पासओव्हर सणाच्या अखेरच्या दिवशी सॅन डिएगोजवळच्या पोवे इथल्या सिनेगॉगमध्ये १९ वर्षांच्या तरुणाने गोळीबार केला. एक महिला ठार झाली आणि तिघे जखमी झाले. या तरुणाने महिनाभर आधी जवळच्याच एस्कॉन्डिडो गावातली मशीद पेटवण्याचा प्रयत्न केला होता. आत झोपलेल्या माणसांनी वेळीच जागे होऊन आग विझवली. मशिदीची आग आणि सिनेगॉगमधला खून हे दोन्ही गुन्हे एकाच केंद्रीय खटल्यात, त्याच कलमाच्या आधाराने मांडले गेले. ज्यू, मुसलमान आणि कृष्णवर्णीय ख्रिस्ती यांच्यासाठी वेगवेगळे कायदे असते तर सरकारी वकिलाला प्रत्येक वेळी नवी चौकट शोधावी लागली असती. हल्लेखोर मात्र बळी निवडताना असा भेदभाव करत नाहीत. त्यांच्या लेखी हे सगळे एकाच शत्रूचे अवयव असतात. पिट्सबर्गच्या हल्लेखोराचा राग तर निर्वासितांना मदत करणाऱ्या ज्यू संस्थेवर होता, आणि ते निर्वासित बहुतेक ज्यू नव्हतेच.

सर्वसाधारण शब्दांत लिहिलेला कायदा टिकतो, असे यावरून म्हणावेसे वाटते. पण त्या सर्वसाधारणपणाचीही किंमत असते आणि ती जर्मनीच्या इतिहासात नेमकी दिसते. १९५९ च्या नाताळच्या आदल्या रात्री कोलोनच्या सिनेगॉगवर दोन तरुणांनी स्वस्तिके आणि ज्यूंना हाकलण्याच्या घोषणा रंगवल्या. चॅन्सेलर आडेनाउर यांच्या उपस्थितीत ती वास्तू पुन्हा उघडून जेमतेम तीन महिने झाले होते. पुढच्या काही आठवड्यांत जर्मनीभर आणि मग युरोप-अमेरिकेत तशाच शेकडो घटना घडल्या. चिथावणीविरोधी कायद्याचा मसुदा जर्मन संसदेत आधीपासून अडकून पडला होता. ज्यूंना वेगळे संरक्षण देणारा कायदा म्हणजे त्यांच्या अंगावर पुन्हा पिवळा तारा चिकटवणे होईल, असा आक्षेप त्यावर होता, आणि तो द्वेष्ट्यांचा नव्हता, सहानुभूती असलेल्यांचा होता. कोलोननंतर मसुदा बदलला. कोणत्याही एका समाजाचे नाव न घेता लोकसंख्येतल्या कुठल्याही गटाविरुद्ध द्वेष भडकवून माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला घालणे हा गुन्हा, अशी भाषा आली आणि १९६० मध्ये कलम १३० मंजूर झाले. तेच कलम पुढे तुर्की कामगारांविरुद्ध, निर्वासितांविरुद्ध ओकलेल्या विषावर वापरता आले.

कोलोनच्या त्या रात्रीचे पडसाद न्यूयॉर्कलाही उमटले. स्वस्तिकांच्या साथीवर संयुक्त राष्ट्रांत चर्चा झाली, आणि तिच्यातून पाच-सहा वर्षांच्या वाटाघाटींनंतर २१ डिसेंबर १९६५ रोजी सर्व प्रकारचा वंशभेद नष्ट करण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. भारताने तो १९६८ मध्ये स्वीकारला. म्हणजे एका जर्मन सिनेगॉगच्या भिंतीवरच्या रंगाने सुरू झालेली गोष्ट दिल्लीपर्यंत बंधनकारक होऊन पोचली. गंमत अशी की या करारात ज्यूद्वेषाचा उल्लेखच नाही. तो घालावा असा प्रस्ताव आला तेव्हा सोव्हिएत गटाने झिओनवादाचे नाव त्याच यादीत ओढले, आणि भांडणातून सुटायला दोन्ही वगळले गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचे नाव मात्र करारात राहिले. सर्वांसाठी म्हणून लिहिलेल्या मजकुरात मूळ पीडिताचे नाव गळून पडते ते असे. जर्मनीने ही चूक साठ वर्षांनी दुरुस्त केली, पण त्यासाठी आणखी एक हल्ला व्हावा लागला.

तो हल्ला ९ ऑक्टोबर २०१९ चा. योम किप्पूर हा ज्यूंचा वर्षातला सर्वात पवित्र, उपवासाचा दिवस. पूर्व जर्मनीतल्या हाले शहरातल्या सिनेगॉगमध्ये सुमारे ५० माणसे होती. बाहेर पोलीस नव्हता. घरी बनवलेली हत्यारे आणि स्फोटके घेऊन आलेल्या माणसाने दरवाजावर गोळ्या झाडल्या, पण लाकडी दरवाजा उघडला नाही. आतल्या लोकांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर हे सगळे दिसत होते. तो चिडून वळला आणि रस्त्याने जाणाऱ्या एका बाईला आणि कबाबच्या दुकानातल्या एका तरुणाला त्याने मारले. दरवाजा आणि कॅमेरे यांसाठी मदत आली होती ती ज्यू एजन्सी या संस्थेच्या निधीतून. जर्मन सरकारचा त्यात वाटा नव्हता. देशातल्या ज्यूंच्या केंद्रीय परिषदेचे अध्यक्ष योसेफ शुस्टर यांनी पोलीस नसण्याला सरळ लाजिरवाणे म्हटले. राज्याच्या विधिमंडळाने चौकशी समिती नेमली. केंद्र सरकारने २०२० मध्ये ज्यू संस्थांच्या सुरक्षेसाठी २ कोटी २० लाख युरो दिले. संसदेने जून २०२० मध्ये द्वेषगुन्ह्यांविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि शिक्षा ठरवताना विचारात घ्यायच्या हेतूंच्या यादीत ‘ज्यूद्वेषी’ हा शब्द अखेर नावानिशी आला. समाजमाध्यम कंपन्यांनी काही गंभीर मजकूर पोलिसांच्या केंद्रीय कार्यालयाला कळवावा असेही त्यात होते. पण नागरिकांची माहिती पोलिसांना देण्याच्या नियमांवर घटनात्मक शंका निघाल्या, राष्ट्राध्यक्षांनी सही रोखून धरली, दुरुस्तीचा वेगळा कायदा करावा लागला आणि कायदा अमलात येऊ लागायला एप्रिल २०२१ उजाडला. उशीर झाला खरा, पण घाईत मंजूर झालेला मजकूर न्यायालयात कोसळण्यापेक्षा तो परवडला.

घाईचा धडा ऑस्ट्रेलियात मिळतो. ६ डिसेंबर २०२४ च्या पहाटे मेलबर्नमधले अदास इस्राएल सिनेगॉग पेटवले गेले. पाठोपाठ सिडनीतल्या सिनेगॉगांवर स्वस्तिके उमटली, गाड्या जळाल्या. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीच्या बाहेर ड्यूरल इथे स्फोटकांनी भरलेला कॅरव्हॅन सापडला. त्यात ज्यू ठिकाणांचे पत्ते होते. लोक हादरले, आणि ते समजण्यासारखे होते. फेब्रुवारीत केंद्राने द्वेषगुन्ह्यांसाठी सक्तीची किमान शिक्षा असलेला कायदा केला. सत्ताधारी मजूर पक्षाचे अधिकृत धोरण अशा सक्तीच्या शिक्षांच्या विरोधात आहे, हे विशेष. न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने त्याच महिन्यात प्रार्थनास्थळांजवळच्या निदर्शकांना हटवण्याचे अधिकार पोलिसांना दिले. मार्चमध्ये केंद्रीय पोलिसांनी जाहीर केले की कॅरव्हॅनचा दहशतवादी कट बनावट होता. गुन्हेगारी टोळीने स्वतःच्या फायद्यासाठी तो रचला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निदर्शकांविषयीची ती तरतूद रद्द केली, कारण ‘प्रार्थनास्थळाजवळ’ एवढे एक निमित्त धरून, ज्या निदर्शनाचा त्या प्रार्थनास्थळाशी संबंधही नाही तेही पोलिसांना हटवता येत होते. राजकीय अभिव्यक्तीवर एवढा भार घालता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. आणि अदासच्या आगीचे काय? ऑगस्टमध्ये पंतप्रधान अल्बनीज यांनी त्यामागे इराणचे क्रांतिरक्षक दल असल्याचे सांगून इराणच्या राजदूताला देशाबाहेर काढले. म्हणजे ज्या घटनांच्या धक्क्यात निदर्शनांवर बंधने आली, त्यांतल्या सर्वात गाजलेल्या दोहोंचा निदर्शकांशी संबंध नव्हता. यावरून द्वेष खोटा होता असे कोणी समजू नये. १४ डिसेंबर २०२५ ला बोंडी किनाऱ्यावरच्या हनुक्का उत्सवात गोळीबार होऊन १५ जण मारले गेले. धोका खराच होता, पण आधीच्या वर्षी त्यावरचे औषध भलत्याच जागी लावले गेले होते.

शिक्षा वाढवण्याविषयी मला फारशी आशा नाही, आणि त्याला कारण आहे. २०१७ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ज्यू केंद्रांना बॉम्बच्या धमक्यांचे फोन आले. त्यावर उपाय म्हणून १९९६ च्या कायद्याला जोड देणारे, धमक्यांनाही कवेत घेणारे विधेयक मंजूर होऊन सप्टेंबर २०१८ च्या अखेरीस त्यावर सही झाली. त्यानंतर महिनाभरात पिट्सबर्ग घडले. मरायला किंवा जगासमोर पकडले जायला निघालेला माणूस दंडसंहितेची पाने चाळत नाही. मृत्युदंडावर तर ‘ट्री ऑफ लाइफ’मधल्या मंडळ्यांचेच एकमत नव्हते; काहींनी तो मागू नये असे सरकारला कळवले होते. तरीही द्वेषगुन्ह्याचे वेगळे कलम निरर्थक ठरत नाही. त्यामुळे केंद्राचे तपासनीस, प्रयोगशाळा आणि वकील हाताशी येतात, आणि हेतू न्यायालयात सिद्ध करावा लागतो. नुसता खुनाचा खटला असता तर मारले गेलेले लोक ज्यू होते म्हणून मारले गेले, ही गोष्ट निकालपत्राच्या कडेला पडली असती.

आता पैशांकडे वळू, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त काम तिथे झाले आहे आणि सगळ्यात कमी बोलले गेले आहे. अमेरिकेत २००५ मध्ये ना-नफा संस्थांच्या सुरक्षेसाठी केंद्रीय अनुदान योजना सुरू झाली. तिच्यासाठी ज्यू संघटनांनी पाठपुरावा केला होता, पण तिचा लाभ चर्च, मशिदी, गुरुद्वारे, मंदिरे सगळ्यांना मिळतो. पहिल्या वर्षी अडीच कोटी डॉलर होते. २०१९ मध्ये ६ कोटी, २०२० मध्ये ९ कोटी, २०२१ मध्ये १८ कोटी, २०२२ मध्ये २५ कोटी, २०२३ मध्ये ३०.५ कोटी. या पैशांतून काय येते? दरवाजे, काचांवरची फिल्म, कुंपण, कॅमेरे, पहारेकरी, प्रशिक्षण. यावर भाषण ठोकता येत नाही आणि फोटोही निघत नाही. पण योजनेतल्या अडचणी भाषणांपेक्षा महत्त्वाच्या आहेत. संस्थेने आपल्या जागेतले धोके तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे, राज्याच्या कार्यालयामार्फत अर्ज करायचा, मंजुरीनंतर आधी स्वतःचे पैसे खर्च करायचे आणि मग परतावा मागायचा. लहान सिनेगॉगला किंवा भाड्याच्या गाळ्यातल्या मशिदीला हे जमणे कठीण. २०२३ मध्ये निम्म्याहून जास्त अर्ज पैशांअभावी नाकारले गेले. पोवेच्या सिनेगॉगला फाटक आणि भक्कम दरवाजे बसवण्यासाठी १,५०,००० डॉलर मंजूर झाले होते. पैसे मार्च २०१९ च्या अखेरीस मिळाले. काम सुरू व्हायच्या आधीच एप्रिलचा हल्ला झाला. विधेयकाला किती मते पडली यापेक्षा मंजुरी आणि सुतार यांच्यात किती महिने जातात, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सरकारने धर्मस्थळांना पैसे द्यावेत का, असे अमेरिकेत विचारले जाते, आणि तिथल्या घटनेमुळे तो प्रश्न हलका नाही. पण सिनेगॉगला आग लागली तर बंब पाठवताना कोणी घटना काढून बसत नाही. संरक्षण हे नागरिकाला मिळते, त्याच्या उपासनेला नाही. दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. प्रार्थनास्थळाचे दार उघडे असावे, अनोळखी माणसाचे स्वागत व्हावे हा श्रद्धेचाच भाग. त्याचे किल्ल्यात रूपांतर करून आपण हल्लेखोरालाच जिंकू देत नाही का? टेक्सासच्या कॉलीव्हिल गावात १५ जानेवारी २०२२ रोजी हा प्रश्न मूर्तिमंत उभा राहिला. थंडीत दार वाजवणाऱ्या माणसाला रब्बींनी आत घेतले, चहा करून दिला, आणि त्यानेच पिस्तूल काढून चौघांना ओलीस धरले. अकरा तासांनंतर सगळे वाचले. त्यांतले शेवटचे, रब्बीसुद्धा, संधी साधून त्याच्यावर खुर्ची फेकून निसटले. त्यांनी नंतर श्रेय दिले ते आधी घेतलेल्या सुरक्षा प्रशिक्षणाला. पिट्सबर्गमध्येही असेच एक बारीकसे कारण होते. शब्बाथला फोन वापरू नये असा नियम असताना तिथले रब्बी सुरक्षा सल्लागाराच्या सांगण्यावरून फोन जवळ ठेवत होते, म्हणून पोलिसांना लगेच कळले. दार उघडे ठेवायचे असेल तर दारापाशी काय करायचे हे माहीत असलेली माणसे लागतात, आणि तीही या अनुदानातूनच तयार होतात.

मग मुळावर घाव का घालत नाही, असे विचारणारे म्हणतील की दरवाजे ही मलमपट्टी आहे. बंदुका आणि द्वेष यांवर बोला. पिट्सबर्गच्या नगरपरिषदेने ते केले. एप्रिल २०१९ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी तिने लष्करी धाटणीच्या बंदुकांवर निर्बंध घालणारे नियम संमत केले. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने ते रद्द केले, कारण पेनसिल्व्हेनियाच्या १९७४ च्या कायद्याप्रमाणे बंदुकांविषयी नियम करण्याचा अधिकार फक्त राज्याचा. २०२२ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच म्हटले. ज्यांच्या शहरात ११ माणसे मेली त्यांना नियम करता येत नाहीत, आणि ज्यांना येतात त्यांनी केले नाहीत. द्वेषाच्या प्रचाराला जर्मनीसारखा लगाम घालायला अमेरिकेचे न्यायालय परवानगी देणार नाही, हेही उघड आहे. मुळावरचा उपाय अडला म्हणून दाराचा उपाय कमी मोलाचा ठरत नाही. मात्र दाराचा उपाय केला म्हणून मुळाचा विषय संपला असे भासवणारे लोकप्रतिनिधीही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यावरचा राग रास्त आहे.

आपल्याकडे मुंबईवरच्या नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमधल्या छाबाड केंद्रात रब्बी गॅव्ह्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी आणि आणखी चौघे मारले गेले. त्या केंद्राची निवड ते ज्यूंचे म्हणूनच झाली होती. संसदेने डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा केला आणि बेकायदा कृत्यांविरुद्धचा कायदा कडक केला. महाराष्ट्राने पुढे ‘फोर्स वन’ उभारले. सगळा भर दहशतवाद आणि राष्ट्राविरुद्धचे युद्ध यांवर राहिला. हॉटेले, रेल्वे स्थानक आणि प्रार्थनेचे घर यांत कायद्याने फरक केला नाही. भारतीय दंडविधानात १८६० पासूनच कोणत्याही वर्गाच्या प्रार्थनास्थळाची विटंबना हा गुन्हा होता आणि आताच्या न्याय संहितेत तो कलम २९८ म्हणून कायम आहे, तेव्हा पोकळी नव्हती. पण प्रार्थनास्थळांनी स्वतःच्या सुरक्षेसाठी मागायचे, सर्व धर्मांना खुले असे केंद्रीय अनुदान त्यानंतर आपल्या संसदेत कधी मोठ्या चर्चेचा विषय झाले नाही. शतकानुशतके कोकणात आणि मुंबईत राहिलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला शेजाऱ्यांकडून असा द्वेष जवळजवळ सोसावाच लागला नाही, हे त्याचे एक कारण असेल.

ब्रिटनने या बाबतीत निवडलेली वाट मला त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते. तिथे २०१५ पासून ज्यू संस्थांच्या संरक्षणासाठी वेगळे अनुदान आहे आणि ते समाजाच्याच ‘कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट’ या संस्थेमार्फत पोचते. २०२४ मध्ये सरकारने २०२८ पर्यंतच्या चार वर्षांसाठी ७ कोटी पौंडांहून अधिक रकमेची हमी दिली. अमेरिकेत आकडा दरवर्षी अर्थसंकल्पाच्या भांडणात ठरतो. ब्रिटनमधल्या सिनेगॉगला पुढच्या वर्षीचा पहारेकरी आज ठरवता येतो. २ ऑक्टोबर २०२५ ला, पुन्हा योम किप्पूरच्याच दिवशी, मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर गाडी आणि चाकू घेऊन हल्ला झाला. पहारेकरी आणि उपासकांनी दरवाजे आतून धरून ठेवले आणि हल्लेखोर आत शिरू शकला नाही. तरी दोघे गेले, त्यांतला एक पोलिसांच्याच गोळीने, दारामागे उभा असताना. त्यानंतरच्या आठवड्यात गृहमंत्री शबाना महमूद यांनी वारंवार होणाऱ्या निदर्शनांवर बंधने घालण्याचे अधिकार पोलिसांना द्यायचे जाहीर केले. सिडनीच्या न्यायालयाचा निकाल हल्ल्यानंतर दोनच आठवड्यांनी आला. ब्रिटनमध्ये लिखित घटना नसल्याने तिथले न्यायाधीश संसदेचा कायदा तसा रद्द करू शकत नाहीत, म्हणून या अधिकारांची मर्यादा खासदारांनाच मसुद्यात लिहावी लागेल.